निरंक

गिरिजा तव्यावर घावन टाकत होती, तेवढ्यात ओट्यावरचा फोन थरथरत सरकला आणि तेलाच्या बरणीला जाऊन टेकला. शनिवार, सुट्टीचा वार, एवढ्या सकाळी कोण म्हणून तिने वाकून बघितलं तर जितेश. जितेश म्हणजे तिच्या ऑफिसातला, आस्थापना शाखेतला कनिष्ठ लिपिक. तीस वर्षं गिरिजा लोकांचे पेन्शनचे कागद करत आली होती. आता मेअखेर ती स्वतःच निवृत्त होणार होती, आणि आपले कागद आपण करायचे नसतात म्हणून ते जितेशच्या टेबलावर गेले होते. मेसेजमध्ये मजकूर नव्हता, नुसता फोटो. तिच्या सेवापुस्तकातलं जुनं पान. तिने गाऊनला हात पुसले आणि दोन बोटांनी ते पान मोठं केलं. कुटुंबाचा तपशील. पती, सुभाष. अपत्य, कु. संपदा. पुढचा रकाना, अपत्य अपंग अथवा मतिमंद असल्यास तपशील. आणि त्या रकान्यात निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, एकच शब्द लिहिलेला. निरंक. अक्षर तिचंच होतं. तव्यावर कडा काळ्या झाल्या, धूर झाला, तरी ती त्या शब्दातल्या शेवटच्या क-कडे बघत उभी राहिली. त्याची शेपटी तिने खाली छान लांब ओढली होती, लिहिताना वेळ होता असं दिसत होतं.

"आई, जळलं," संपदा म्हणाली. टेबलाशी बसून, दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना ठेवून ती केव्हाची घावनाची वाट बघत होती. एकतीस वर्षांची, घट्ट वेणी, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. साडेनवाला तिला सिल्व्हर पार्कच्या कार्यशाळेत पोचायचं असे. तिथे तिच्यासारखी पंधरा-सोळा मुलं मिठाईचे खोके दुमडत. महिन्याच्या शेवटी संस्था पाकिटात घालून नऊशे रुपये देई, कधी साडेनऊशे, आणि संपदा ते पाकीट आईच्या हातात ठेवून म्हणे, "घरखर्चाला." हे वाक्य ती सुभाषकडून शिकली होती. सुभाषला जाऊन आठ वर्षं झाली, वाक्य राहिलं.

सरकारी कागदात रकाना मोकळा सोडायचा नसतो. मोकळ्या जागेत उद्या कोणीही काहीही लिहील. म्हणून जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथे निरंक लिहायचं. येणे बाकी, निरंक. विभागीय चौकशी, निरंक. गिरिजाने हा शब्द हजारो वेळा लिहिला असेल, इतका की तो तिच्या घरातसुद्धा शिरला होता, डब्यात भाजी नसली की सुभाष झाकण उघडून म्हणायचा, "आज निरंक वाटतं." आणि आता हा शब्द तिच्याकडे उलटा बघत होता, दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखा. तिने दुसरं घावन टाकलं, संपदाला वाढलं, आणि मग बाल्कनीत जाऊन जितेशला फोन लावला. समोर खाडी ओहोटीला लागलेली, चिखलावर बगळे.

"मॅडम, रागावू नका हं," तो आधीच म्हणाला. "फोटो कालच काढला होता. पाठवायचं धाडस होईना."

"बोल."

"त्रुटी निघतेय. तुम्हीच शिकवलंत ना, कुटुंबाचं पान आधी बघ म्हणून. तुम्ही आता अर्ज दिलाय, तुमच्या पश्चात ताईंना हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं म्हणून. आणि इथे निरंक."

"दुरुस्ती होते की नाही?"

"होते मॅडम, पण मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र लागेल. त्यात नुसते टक्के चालणार नाहीत. 'स्वतःची उपजीविका करण्यास असमर्थ' असे शब्द पाहिजेत. नेमके हेच. हेसुद्धा तुम्हीच…"

"मीच शिकवलं. कळलं रे बाबा."

मग तो म्हणाला, "ताई कामाला जातात हे मी कुठे लिहिलेलं नाही," आणि फोन ठेवला. गिरिजाला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्याच्या आवाजातल्या मऊपणाचा. हा मऊपणा तिने त्याला शिकवला नव्हता.

जेसल पार्कमधल्या तिच्या बिल्डिंगमध्ये तिला पेन्शनवाल्या मॅडम म्हणत. रविवारी सकाळी कोणी ना कोणी पगाराची स्लिप घेऊन येई, चपला बाहेर काढून सोफ्याच्या कडेवर बसे आणि विचारी, "मॅडम, किती बसेल?" शिक्षक, नर्सबाई, एकदा काशीगावचा एक तलाठी. मूळ पगाराच्या निम्मं, ती सांगे, वर महागाई. आणि मग दुसरा प्रश्न, आवाज उतरवून: विकू की नको? पेन्शन विकणं म्हणजे तिचा चाळीस टक्के भाग सरकारला देऊन एकरकमी पैसे उचलायचे. पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते, माणूस असला तर. त्यासाठी सरकारचा एक तक्ता आहे, वयासमोर आकडा. गिरिजा तक्ता बघायच्या आधी माणूस बघे. शुगर आहे? बीपी? वडील किती वर्षांचे होऊन गेले? लोक खरं सांगत. बायकोसमोर सांगत नसत ते तिला सांगत, आणि ती मनात त्यांची वर्षं मोजून, तोंडाने मात्र "विका हो, नातवंडांना होतील" असं काहीतरी म्हणे. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. तीन जण तिने मनात धरलं होतं त्याच्या आसपासच गेले होते.

स्वतःचं गणित तिने केव्हाच दिनदर्शिकेच्या मागे मांडून ठेवलेलं. मूळ पगार त्रेपन्न हजार पाचशे. पेन्शन सव्वीस हजार सातशे पन्नास. चाळीस टक्के विकली तर हातात पावणेअकरा लाख, आणि महिन्याला सोळा हजार पन्नास. त्याखाली तिने दुसरी ओळ काढली होती: आपण गेल्यावर संपदाला मूळ पगाराच्या तीस टक्के. सोळा हजार पन्नास. पहिल्यांदा तिला वाटलं, बेरीज चुकली. पुन्हा केली. चूक नव्हती, निम्म्याचे साठ टक्के म्हणजे तीसच होतात, शाळेतलं पोरही सांगेल. पण पेन्सिल हातात धरून ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिली होती. जिवंत गिरिजा आणि मेलेली गिरिजा, दोघींची किंमत सरकारने एकच ठरवली होती, आणि त्यात गैर काय ते तिला सांगता येईना. उलट एक हलकेपणा वाटला होता. म्हणजे आपण असलो काय, नसलो काय, पोरीचं ताट तेवढंच. आज त्या दुसऱ्या ओळीखालचा आधार निसटला होता. आपण नसलो तर संपदाच्या ताटात पाकिटातले नऊशे.

तो रकाना भरला त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं, हीच पंचाईत होती. विसरली असती तर चूक म्हणता आली असती. संपदा तेव्हा दहाची. शाळेने दोनदा परत पाठवलेली, डॉक्टरांनी एक शब्द सांगितलेला आणि सुभाषने तो ऐकून एवढंच विचारलेलं, की मग बसचा पास फुकट मिळतो का. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, त्यांची पैशांची ओढाताण होती. पण गिरिजा भांडली होती. "पासासाठी पोरीवर शिक्का मारून घेऊ?" तो पुन्हा बोलला नाही. त्यानंतर तिने स्वतः शिकवायला घेतलं. ऑफिसातून आल्यावर, पोळ्या झाल्यावर, अक्षराखाली बोट ठेवून. एखादं अक्षर गाळलं की गिरिजा बोट मागे आणायची, "हे कोणी खाल्लं?" आणि संपदा खुदकन हसून ते अक्षर परत आणायची. ज्या सोमवारी सेवापुस्तकातलं ते पान भरायला आलं, त्याच्या आदल्या दिवशी संपदाने पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं होतं, सं-वरच्या टिंबासकट. गिरिजाने सगळे रकाने भरले आणि तो एक मोकळा सोडला. मोकळा राहिला असता तर आज दुरुस्ती दोन ओळींत झाली असती. पण हेडक्लार्कने कागद परत केला. "गिरिजाबाई, तुम्ही सुद्धा? रकाना मोकळा?" त्यांनी बोटाने दाखवलं, आणि तिने उभ्याउभ्याच, त्यांच्या टेबलावर वाकून लिहिलं. लिहिताना छातीत काहीतरी वर आलं होतं, पोरगी पाटीवर लिहायची तेव्हा यायचं तसं. तिने शिक्का मारला नव्हता, पुसला होता. असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आणि नाथा. नाथाचा विचार ती टाळत होती, तर तो दुपारी भांडी घासताना आला. नाथा त्यांच्या ऑफिसात शिपाई, काशीगावचा, बायको लवकर वारलेली. त्याच्या पश्चात त्याची बहीण मंदा नाथाच्या मुलाला घेऊन ऑफिसात आली. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, बाकावर बसून स्वतःच्या शर्टाची गुंडी फिरवत होता. गिरिजाने सेवापुस्तक उघडलं आणि कुटुंबाचं पान आधी बघितलं. नाथानेही निरंक लिहिलं होतं. म्हणजे त्याने अंगठ्यासारखी सही केली होती, लिहिलं कोणी कारकुनाने असणार. कदाचित तिनेच. तिने शेरा मारला: अपंगत्वाची नोंद आढळून येत नाही, खुलासा व्हावा.

"बाय, आता खुलासा कोन करल? नाथा त न्हाय," मंदा म्हणाली होती. "पोराला काय समजत न्हाय, सगल्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला माहीत असून चालत नाही हो. नियम आहे."

"मंग नियमाला पोर दाखवू का? बसलाय तो समोर."

गिरिजाला तेव्हा मंदाचा उद्धटपणा टोचला होता. मंदा तीन वर्षं येत राहिली, कधी पिशवीत भेंडी घेऊन, कधी नुसतीच, मग यायची थांबली. फाईल कपाटात आहे. पोरगा कुठे आहे ते गिरिजाला माहीत नाही. विचारायला काशीगाव काही लांब नव्हतं, रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं.

जितेशच्या ओळखीने बोर्डाची तारीख लगेच बुधवारची मिळाली. रविवारी शेजारची स्वाती वाटीभर साखर परत द्यायला आली आणि सगळं ऐकून दाराला टेकून उभी राहिली. स्वातीच्या दिराला असंच कुठलंसं प्रमाणपत्र घेताना त्रास झाला होता, त्यामुळे तिला सगळं येत होतं.

"ताई, एक सांगू? हिला असं टापटीप नेऊ नका. वेणी नको, पिना नको. जुना गाऊन घाला. आणि तोंड उघडू देऊ नका, ही फटाफट बोलते. डॉक्टरला वाटेल, चांगली तर आहे की!"

"फटाफट बोलते ना?" गिरिजाने विचारलं. स्वतःच्या आवाजातला आनंद तिलाच ऐकू आला.

"तेच तर म्हणते ना. एक दिवस येड्यासारखं करायला काय जातं? जन्माचं काम होईल."

दुपारी संपदा जेवून उठल्यावर गिरिजाने तिला समोर बसवलं. वीस वर्षांत हजारदा असं बसवलं असेल. आज मात्र पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं, हातांचं काय करावं कळेना. "बुधवारी डॉक्टर प्रश्न विचारतील," ती म्हणाली. "नाव विचारतील. पत्ता विचारतील."

"येतं मला."

"हो. पण तू म्हणायचं, माहीत नाही."

संपदाने कपाळाला आठी घातली. "पण मला माहीत आहे."

"गंमत गं. एक दिवस."

"खोटं?"

संपदाने गिरिजाकडे नीट बघितलं, मोठी माणसं लहान मुलाकडे बघतात तसं, आणि समजुतीने म्हणाली, "आई, तू घाबरू नको. मी सगळं बरोबर सांगते." मग ती आत गेली आणि कपाटातून बुधवारसाठी मोरपंखी ड्रेस काढून इस्त्रीला ठेवला. सोमवारी-मंगळवारी कार्यशाळेतून आल्यावर पत्ता मोठ्याने म्हणायची, न सांगता. गिरिजा स्वयंपाकघरातून ऐके. दोन इच्छा एकाच छातीत एकमेकींना ढकलत होत्या; पोरगी नापास व्हावी, आणि पोरीने, देवा, एकदा तरी, कोणा परक्यासमोर, सगळं बरोबर सांगावं. पहिली इच्छा शहाणी होती. सोळा हजार पन्नास आणि वर महागाई. दुसरीला काही अर्थ नव्हता. रात्रभर तिला दुसरीच जास्त जोरात ऐकू येत राहिली, आणि पहाटे तिने पोरीची वेणी नेहमीसारखीच घट्ट घातली.

सरकारी रुग्णालयात तीन नंबरच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसली होती. कोणी पांगळं, कोणी आंधळं, आणि प्रत्येकाबरोबर फाईल धरलेलं एक माणूस. फाईलवाल्या माणसांचे चेहरे सारखेच दिसत होते. आत एक डॉक्टरीणबाई, पन्नाशीची, थकलेली, दयाळू वाटणारी. तिने संपदाला खुर्ची दिली आणि गिरिजाला मागच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

"नाव काय तुझं?"

संपदाने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पत्ता सांगितला, जेसल पार्क, भाईंदर पूर्व, पिनकोड चारशे एक एकशे पाच. आता ही सगळं सांगणार. आता जाणार, हातातून जाणार, आणि गिरिजाला ओठांचे कोपरे आवरता आवरेनात.

"अरे वा. फोन नंबर?"

संपदाने आठ आकडे म्हटले, एका श्वासात, सुरात. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली. "हा कोणाचा?" "घरचा," संपदा म्हणाली. तो घरचाच होता. खोक्यासारखा फोन होता, कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालावर. तो काढून टाकून बारा वर्षं झाली होती. संपदा हा नंबर रोज म्हणत होती आणि गिरिजा रोज ऐकून शाबास म्हणत होती.

"तुझ्याकडे पन्नास रुपये आहेत. वीसची भाजी घेतलीस. किती उरले?"

संपदा विचारात पडली. मांडीवर बोटं हलू लागली. गिरिजा स्टुलावर पुढे सरकली. तीस. किती वेळा केलंय हे, भाजीवाल्यासमोर, मिठाच्या पुड्या घेऊन. तीस गं. तिच्या नकळत तिचे ओठ हलले.

"आई, तुम्ही नको," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली.

"पन्नास," संपदा म्हणाली, खात्रीने. आणि मग उदारपणे, "भाजीवाले काका पैसे घेत नाहीत. आई देते नंतर."

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. चौकोन काढला, तो गोल झाला. घड्याळ दाखवलं, ते बंद असल्यासारखं तिने बघितलं. वार विचारला, तो मात्र तिने बरोबर सांगितला, आणि गिरिजाकडे वळून हसली. ती किती मन लावून करत होती. कपाळावर घाम आला होता, पिना लावलेली ओढणी सरकली होती. तिने काही लपवलं नव्हतं, काही नाटक केलं नव्हतं, आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं टेबलावर मांडलं होतं, आणि ते एवढंच होतं. गिरिजाने तीस वर्षं लोकांना बघून अंदाज बांधले होते. हा एक बांधला नव्हता. नुसता मायेने वरचा आकडा धरत आली होती.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "संपदा, आई बाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही, तर काय करशील?"

"थांबेन."

"जेवायचं काय?"

"आई आल्यावर."

"आणि रात्रीही आली नाही तर?"

संपदाला प्रश्नच कळेना. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, डॉक्टरीणबाईला ऐकू कमी येत असावं तसं. "येते ना. थांबलं की येते."

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरीणबाई गिरिजाकडे न बघता लिहीत राहिली, आणि लिहिताना एकदाच म्हणाली, "छान शिकवलंय तुम्ही हिला." बाहेरच्या खिडकीवर शिक्का बसला, कागद हातात आला. सगळे शब्द होते, नेमके, जितेशला हवे तसे. उद्या कागदाला कागद लागेल, पान दुरुस्त होईल, वरिष्ठांची सही होईल. मग गिरिजा गेली तरी चालणार होतं. कोणाचीच हरकत नव्हती. एवढ्या चारच दिवसांत सरकारने तिला मरायची मुभा दिली होती, आणि तिला पहिल्यांदाच, पायऱ्या उतरताना कठडा धरून, मरणाची भीती वाटली. भीती मरायची नव्हती, पोरीच्या थांबण्याची होती. दाराकडे तोंड करून, वेणी घालून, दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना ठेवून. महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे पडत राहतील, आणि ही थांबून राहील.

रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ मॅडम?" आणि गिरिजाला पटकन सांगता येईना, तेव्हा संपदाच म्हणाली, "जेसल पार्क." मग तिने हात पुढे केला. "माझा कागद आहे ना? बघू."

गिरिजाने कागद छातीशी धरला होता. तिने तो दिला. दुसरं काय करणार, पोरीचाच होता. संपदाने तो गुडघ्यावर नीट पसरला, उडू नये म्हणून एका हाताने दाबला, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून वाचायला लागली, शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर, रिक्षाच्या गचक्यांबरोबर. स्व… तः… ची. उप… पुढचं जमेना, ते तिने सोडलं. कर… ण्या… स. मग तिचं बोट थांबलं आणि चेहरा एकदम उजळला. हा शब्द तिला पाठ होता. भाईंदरमधल्या निम्म्या रिक्षांच्या पाठीवर तो लिहिलेला असतो, देवाच्या नावापुढे. रोज जाता-येता ती तो वाचत असे.

"समर्थ!" ती म्हणाली. "आई, समर्थ लिहिलंय."

"समर्थ? बहुत अच्छा," रिक्षावाला आरशातून म्हणाला.

गिरिजाचं बोट उठलं. एवढ्या वर्षांची सवय, गाळलेल्या अक्षरापाशी बोट मागे न्यायचं आणि विचारायचं. बोट कागदावर आलं, त्या शब्दाच्या सुरुवातीला, आणि तिथे टेकून राहिलं. खाली ते अक्षर पूर्ण झाकलं गेलं.

"पुढे वाच," ती म्हणाली.